वसुधाताईंनी बंद केलेली भट्टी

वसुधाताई गेल्याचं मला दत्ताभाऊंनी फोनवर सांगितलं. मुठा गावचा हा माणूस, आमच्या भट्टीचा ऑपरेटर. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. त्या दिवशी "ताई गेल्या..." एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

पिरंगुटच्या आमच्या छोट्या चाचणी कारखान्यात जड कच्च्या तेलाचे नमुने यायचे. रिफायनरीत तापवताना ते कसं वागेल, हे ताई सांगायच्या. मूळच्या अमरावतीच्या, रसायनशास्त्रात पक्क्या आणि स्वभावानं तिखट! मी त्यांच्या हाताखाली आल्या आल्या त्यांनी मला बजावलं होतं की या तेलात डांबराचे बारीक कण असतात आणि तेलातलेच चिकट घटक त्यांना तरंगत ठेवतात. भलतंच पातळ तेल ओतलं की तो आधार सुटतो, कण खाली बसतात, तापलेल्या नळीत त्यांचा कोळसा होतो. म्हणून मिश्रणाचा थेंब आधी गाळणकागदावर टाकायचा. मधोमध काळा ठिपका उमटला तर भट्टी पेटवायची नाही.

आणि एकदा त्यांनीच तो थेंब टाकला नाही. तेल पंपातून सरकेना, नमुना पाठवणारे डोक्यावर बसलेले. ताईंनी हलकं तेल मिसळलं, नुसता दाटपणा मोजला, आकडा छान आला, भट्टी पेटली. मी सवयीनं थेंब टाकला... काळाकुट्ट ठिपका. कागद घेऊन धावले तोवर दाबाचा काटा चढू लागला होता. ताईंनी बर्नर बंद करवला. पण नळी वाचवायची तर आत धुण्याचं तेल सोडायला हवं, त्याचा व्हॉल्व्ह भट्टीला खेटून, आणि दत्ताभाऊ तिथं चढलेले. कारखान्याचे साहेब म्हणत होते, होईल, थांबा जरा. नळी फुटली असती तर उकळतं तेल आधी त्यांच्याच अंगावर आलं असतं.

"दत्ता, खाली उतर."

"ताई, निम्मा उघडलाय. सोडला तर नळी जाईल तुमची."

"जाऊ दे. चूक माझी आहे. तू उतर."

ते चडफडत उतरले. काहीच फुटलं नाही. नळी मात्र कोळशानं गच्च तुंबली, काम हातचं गेलं, आणि बाई उगाच घाबरली अशी बोलवा उठली. ताईंना भट्टीवरून काढून कागदी कामाला बसवलं. मला भयंकर चीड आली. त्या मात्र कधी अवाक्षर बोलल्या नाहीत.

परवा दत्ताभाऊंबरोबर कासार आंबोलीला ताईंच्या घरी गेले. त्यांच्या यजमानांनी माळ्यावरून एक जड तुकडा काढला. त्याच नळीचा, भट्टी भंगारात निघाली तेव्हा ताईंनी मागून आणलेला. एका बाजूनं तापून फुगलेला, फाटायच्या बेतात. हा दाखवला असता तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, मी म्हणाले.

"मीही तेच म्हणायचो," ते म्हणाले. "तर म्हणायची, थेंब टाकायचा राहिला तो राहिलाच ना."

दत्ताभाऊंनी फुगवट्यावर बोट ठेवलं. "हितंच उभा हुतो मी," म्हणाले.