हबमधले दोन छर्रे

मित्रांनो, बाबांना जाऊन वर्ष झालं. आज त्यांची जुनी सायकल हुडकेश्वरच्या मिस्त्रीकडे नेली. मागचं चाक डगमगत होतं.

त्यानं चाकाच्या मधोमधचा हब उघडून आतले लोखंडी छर्रे मोजले. "इकडे नऊ हायेत, तिकडे सातच. कोणी बसवले गा?"

बाबांनीच, शेवटच्या महिन्यात, थरथरत्या हातांनी. दोन छर्रे व्हरांड्यात सांडले, तेव्हा ते गुडघ्यावर बसून म्हणाले होते, "मले दिसून नाही राहिले, पाहतं का जरा?"

मी मोबाईलमधून मान वर केली नाही. "असतील तेवढे टाका न बाबा."

आज घरी येऊन शोधले. चपलांच्या स्टँडखाली दोन्ही होते, गंजलेले.

तुमच्या घरी आत्ता कोणी काही शोधतंय का? मला दोन मिनिटंही लागली नाहीत.