गमरे सरांचे मार्क

गमरे सर पहिल्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये आले आणि त्यांनी आधी भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं. तीस कॉम्प्युटर एका दमात गप्प. "आता बोला," ते म्हणाले, "कोणाची काय अडचण सोडवणार?" आम्ही परळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. अडचण धड्याच्या शेवटी छापलेली असते, अशी आमची समजूत. सरांनी आम्हाला चक्क रस्त्यावर हाकललं. खरी अडचण असलेला माणूस शोधायचा, वर्षभर त्याच्यासाठी काम करायचं आणि शंभरातले पन्नास मार्क तो माणूस देणार.

या विषयात मी आधी एकदा, दुसऱ्या सरांकडे, आपटलो होतो. एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, पण अट एकच, यंदा पास व्हायचं. आणि ते आता कुणा तिऱ्हाइताच्या हातात!

सर डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेले. बुटके, हसरे, आणि एका प्रश्नाने समोरच्याचा जीव काढणारे. "विचारलंस की ठरवलंस?" एकाने वाचनालयातल्या आजोबांसाठी पुस्तकांचं अ‍ॅप करायचं ठरवलं. सरांनी त्याला आजोबांकडे पिटाळलं, तर आजोबांना फक्त डोक्यावरचा पंखा दुरुस्त करून हवा होता. कोणी छान दिसणारा निकाल आणला की सर म्हणायचे, "उत्तर गोड आहे. आता खरं आहे का बघ."

मी आणि माझी वर्गमैत्रीण स्नेहल लालबागच्या नलूताईंकडे गेलो. त्यांची मालवणी खानावळ. मासे किती मागवायचे याचा अंदाज चुकायचा, एक तर कमी पडायचे नाहीतर उरायचे. त्या रोजची ताटं एका वहीत लिहायच्या. आम्ही दोन महिन्यांची पानं प्रोग्रामला भरवली, पण तीन दिवस सगळा हिशोब बिघडवत होते. त्या दिवसांत माशांची ताटं जवळजवळ नाहीतच. लिहायचं राहिलं असणार, म्हणून आम्ही ते दिवस काढून टाकले. अंदाज लगेच झकास जुळला!

"हे तीन दिवस का काढले?" सरांनी विचारलं.

"सर, चुकीची नोंद आहे," मी ठोकून दिलं. सरांनी मान डोलावली. त्या दिवशी "विचारलंस की ठरवलंस" आलं नाही, याचा मला आनंदच झाला.

प्रोग्राम चालू झाला. आदल्या संध्याकाळी तो परस्पर भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणीला निरोप पाठवायचा. चार दिवस ताई खूश. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. "मेल्यांनो, आज संकष्टी! ह्यो दोन टोपल्यो सुरमई कोण खातलो? तुमचो कॉम्प्युटर?"

मी कॅलेंडर काढून तारखा ताडून पाहिल्या. ते तिन्ही दिवस उपासाचे होते, दोन संकष्ट्या आणि एक महाशिवरात्र. आम्ही दोघंही कोकणातल्या घरची. फोन आला त्या सकाळी मी स्वतः आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालो होतो, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

सर आमच्याबरोबर खानावळीत आले. "आमच्या बौद्धांच्या घरात संकष्टी नाही, त्यामुळे मला ते आकडे कळले नाहीत," ते ताईंना म्हणाले. "पण या पोरांनी पहिलं उत्तर दिलं आणि मी ते मुकाट घेतलं. चूक माझीसुद्धा आहे." मग त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला, 'ज्यांचा उपास नाही त्यांनी नलूताईंकडे जेवायला यावं.' दुपारी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी स्वतः सुरमईच्या चार तुकड्या हाणल्या. ताईंचा राग बराचसा तिथेच उतरला, पण सगळा नाही.

आम्ही पुन्हा कामाला लागलो. या वेळी ताईंच्या शेजारी बसून वहीचं एकेक पान त्यांना विचारलं. परीक्षेच्या दिवशी ताई ठेवणीतलं लुगडं नेसून कॉलेजात आल्या. "पास होवक किती लागतत?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "ते सांगणार नाही. तुम्हाला पटेल ते द्या." ताईंनी पेन उचललं. माझी नोकरी त्या पेनाच्या टोकाशी होती. त्यांनी तीस लिहिले.

सरांनी त्यांच्या पन्नासासाठी एकच प्रश्न विचारला. "ते तीन दिवस का काढले होते?"

"ते आमच्या प्रोग्रामला नडत होते म्हणून," मी म्हणालो. इतकं खरं मी कुठल्याच परीक्षेत बोललो नव्हतो. सरांनी पस्तीस दिले. मी पास झालो होतो. स्नेहलने टेबलाखालून माझा हात करकचून दाबला.

पण सर उठले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद ताईंपुढे सरकवला. "आता मला द्या. पन्नासपैकी."

ताईंनी लगेच लिहिलं. पंचवीस.

"सर, आमच्यापेक्षा कमी?" स्नेहल म्हणाली.

"ते मास्तर मा गो," ताई म्हणाल्या, "तेंका आधी कळाक होया होता."

"बरोबर!" सर ओरडले आणि तो कागद शेजारच्या खोलीतल्या विभागप्रमुखांना दाखवायला धावत गेले. स्वतःचे मार्क कापले गेल्यावर एवढा आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही अजून भेटायचा आहे.