त्याच्या वतीनं बोलणारा

माझ्या घानाच्या साहेबाच्या हातून त्याचीच कंपनी गेली, ती मीटिंग आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

साहेब मूळचा कुमासीचा. आई तिथल्या बाजारात टोमॅटो विकायची, हा शेजारी बसून फोन दुरुस्त करायचा. पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून यानं नुसतं बोलून ऑर्डर घेणारं ॲप बनवलं. ते तिथे जोरात चाललं. पुढे बायकोला न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नर्सची नोकरी लागली आणि हा इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शहरातल्या ओटाहुहू भागात एका बेकरीच्या वर ऑफिस, आणि पहिली इंजिनियर मी, पुण्याची. दर रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजारात पॅसिफिक बेटांवरून आलेल्या सामोअन, टोंगन भाजीवाल्यांना ॲप शिकवायचो. म्हणजे तो शिकवायचा. इतकं गोड बोलायचा की बायका त्याला काही ना काही खायला घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

पण पैसे गुंतवणारे भेटायला आले की याच्या तोंडाला कुलूप. हा आमच्या गोऱ्या सेल्समनच्या कानात हळू सांगणार, आणि तो खणखणीत आवाजात सगळ्यांना ऐकवणार. मी वैतागायचे.

"अरे बाबा, तू स्वतः का बोलत नाहीस?"

"आमच्याकडे राजा दरबारात स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीनं दुसरा बोलतो. त्यातच मान असतो."

"हा दरबार नाहीये. इथे जो बोलतो तोच लोकांना मालक वाटतो."

"कंपनी माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. स्वीट ॲज," म्हणजे 'सगळं ठीक', असं इथल्या लोकांसारखं म्हणून तो हसला. आम्हा पुणेकरांना कुणी न विचारताही बोलायची खोड, मला हे कसं पटावं?

पैसे आले आणि कंपनीतला मोठा वाटा गेला. बोर्डावर गुंतवणूकदारांची माणसं बसली. आपल्या बाजूनं बोलायला कुणी हवं, म्हणून यानं सेल्समनलाही तिथे बसवलं. वर्ष उलटायच्या आत हेन्डरसन भागातल्या नव्या ऑफिसात बोर्डाची मीटिंग लागली; ॲपची माहिती द्यायला मलाही बोलावलं होतं. सेल्समनला सीईओ करायचं, याला नुसतं सल्लागार. कारण काय, तर म्हणे याच्यात लीडरशिप दिसत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द विकून मोठा झालेला तो नालायक खाली मान घालून फोन बघत होता.

तेव्हा साहेब उठला आणि पहिल्यांदा त्या लोकांसमोर स्वतः बोलला. कुठल्या दुकानदाराला काय अडतं, पुढे कुठल्या गावात जायचं, तिथे काय चुकू शकतं, सगळं, हातात कागद न घेता. मला वाटलं, वाचला हा.

"तुम्ही किती छान बोलता," बोर्डाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्हाला कल्पनाच नव्हती."

मग सीईओ बदलायच्या बाजूनं असलेल्यांना त्यांनी हात वर करायला सांगितले. सगळ्यात आधी सेल्समनचा गेला.