बर्फ बसला

माझा धाकटा भाऊ हिमालयात हिवाळी ट्रेकवर लोकांना न्यायचा. तिथल्या एका उतारावर हिमस्खलन झालं आणि तो त्याखाली गेला. त्याच्या मागून येणारा, आमच्या शेजारच्या कोंढा गावचा त्याचा मित्र वाचला. उतार तपासायचं काम भावाचं होतं. त्यामुळे जो तो तेच बोलायचा : त्यानेच उतार बरा म्हटला, चूक त्याचीच. पण भावाने तसं म्हटल्याचं सांगणारा तो मित्र एकटाच होता, आणि माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

भाऊ घाईने 'बरा' म्हणणारा नव्हता. शेवटचा घरी, अड्याळला आला तेव्हा त्याने ताटात साखर पसरली, वर पोळी ठेवली आणि ताट हळूहळू कलतं केलं. पोळी अख्खीच्या अख्खी घसरली. "वरचा बर्फ कितीबी टणक दिसो दादा, खाली अशी साखर असली तं भरवसा नाही." म्हणून ट्रेक नेणारे बर्फात खड्डा खणून थर पाहत, थरात मूठ दाबत. मूठ सहज आत गेली की थर कच्चा. माय म्हणाली, "माह्यी साखर नासवली, आता तूच खा." त्याने खाल्ली.

तेरवी झाल्यावर मित्र भेटायला आला. त्याने चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या. मला तेही खटकलं.

"खड्डा तू पाहिला होता?" मी विचारलं.

"मी कुठं, दादा! मी तं सयपाकाच्या तंबूवर. तो पुढं गेला, मी सामान घेऊन मागं. त्यानं सांगतलं तवा निघालो."

"काय सांगितलं?"

"या म्हणे."

"'या' असंच म्हणाला?"

"तुमी तं वकिलावानी इचारून राहिले. तसंच काहीतरी."

"तसंच नको. त्याच्या तोंडचा शब्द सांग."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "बसला म्हणे. मोठ्यानं. 'बसला, बसला!' मंग मी पाऊल टाकलं, अन् वरून सुटलंच."

तो शब्द मला ठाऊक होता. भावाला बर्फात चालायचं शिकवणारे शिक्षक हिंदी बोलणारे. चालताना आतला कच्चा थर खचून पायाखाली धप्प आवाज झाला की ते ओरडायचे, "बैठ गया!" मग कुणी जागचं हलायचं नाही. भाऊ फोनवर त्याचंच आपल्या बोलीत 'बर्फ बसला' म्हणायचा. याच्याइतकी वाईट खूण दुसरी नाही, हेही त्यानेच सांगितलं होतं.

मग त्याच्याबरोबर राहिलेल्या या माणसाला ती कळली कशी नाही? माझा संशय कमी झाला नाही, फक्त वळला. याला कळलं होतं. पाठीवरच्या ओझ्याने कंटाळून तो तरीही पुढे गेला, आणि आता शब्दाआड लपतो आहे.

माय आतून ऐकत होती. ती दारात आली. "बसला म्हणे? मंग तं चांगलंच होतं नं? धानाच्या बांधीतला चिखल बसला का मंगच रोपाचा रोवणा. बसला म्हणजे उतरा."

"मलेबी तेच वाटलं, काकू," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम उजळला. कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोललं होतं.

एवढ्या सहज खोटं बोलता येत नाही. मायलाही तो शब्द तसाच ऐकू आला होता. मी गप्प राहिलो असतो तर ते दोघं तसेच राहिले असते, आणि भाऊ चुकलेला राहिला असता.

"नाही माय," मी म्हणालो. "तिथं बसला म्हणजे थांबा. तो थांबा म्हणत होता."

माय म्हणाली, "म्हणजे त्याले समजलं होतं."

"हो."

मित्र उठला. त्याला चपला सापडेनात. त्या समोरच होत्या. माय मला हळूच म्हणाली, "याले असं एकट्याले जाऊ देऊ नको."

मी मोटारसायकल काढली. गावाबाहेर पडल्यावर त्याने मागून विचारलं, "दादा, तुमाले पक्कं माहीत हाये?"

मी हो म्हणालो. माझ्या खांद्यावर ठेवलेला हात त्याने काढून घेतला, आणि कोंढ्यापर्यंत परत ठेवला नाही.