बापूंवर आळ आणि हौदातली मरळ

आमच्या घराण्यात माशांचं ज्ञान ताटात सुरू होतं आणि ताटातच संपतं. त्यामुळे मुंबई सरकारने देशी मासे वाचवण्याच्या योजनेचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक केली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. पापलेट शिळं आहे हे मी बाजाराच्या दारातून सांगू शकत असे. ते जिवंत असताना काय करतं, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता आणि नेमणूक करणाऱ्यांनीही विचारला नव्हता.

योजना मोठी चांगली होती. इंग्रजांच्या काळात डासांच्या अळ्या खायला म्हणून मुंबईच्या विहिरीतळ्यांत परदेशी गप्पी मासे सोडले होते. त्यांनी इतका जम बसवला की आमचे देशी पिकू दिसेनासे झाले. पिकू म्हणजे बोटाच्या पेराएवढा, डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवणारा साधा-भोळा मासा. त्याला वसईकडच्या तळ्यांतून आणून मुंबईत पुन्हा नांदता करायचं, हे माझं काम. जोडीला मरळही आणायची होती. तीही देशीच, पण चांगली हातभर लांब आणि सापासारख्या तोंडाची.

शुभारंभ ठरला परळच्या एका बागेतल्या तळ्यावर, सोमवारी, उपमंत्र्यांच्या हस्ते. शनिवारी मी मोठ्या हौसेने पिकूंनी भरलेला डबा आणि बादलीत एक मरळ घेऊन कचेरीवर पोचलो, तर तिला कुलूप! संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. (हरताळाची बातमी पेपरात होती. पेपर मी डब्याखाली घातला होता.) आता जिवंत सरकारी मालमत्ता फुटपाथवर कशी ठेवणार? कशीबशी एक घोड्याची व्हिक्टोरिया मिळवली आणि सरळ गिरगावात आमच्या वाडीत आलो.

दारातच बापू उभे. बापू म्हणजे माझे वडील, कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. चळवळीच्या मोर्चावर गोळीबार झाल्यापासून ते सरकारवर इतके संतापले होते की, सरकारी नळाचं पाणी पितानाही आधी चार शब्द सुनावत.

"हे काय?"

"मासे आहेत, बापू. सरकारी."

"या सरकारचे मासे माझ्या घरात?"

"मासे सरकारचे नाहीत हो, देशी आहेत! आपलेच! यांना मुंबईतून हुसकावलं होतं, आता परत आणतोय."

हे ऐकून बापू जरा विरघळले. "म्हणजे मुंबई यांचीच," ते म्हणाले आणि बाजूला झाले. न्हाणीतल्या दगडी हौदात मी पिकू सोडले, वर मरळही सोडली आणि झाकण म्हणून पाट टाकला. देशी माशांचं एवढं मोठं संमेलन गिरगावात आधी कधी भरलं नसेल! मी अभिमानाने जेवायला बसलो.

रविवारी सकाळी पाट उचलला, तर पिकू निम्मे.

मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. निम्मेच. मरळ तळाशी स्वस्थ पडली होती. म्हटलं, बिचारी एकटी पडणार की काय! स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच विचारलं, "मालती, हौदातले मासे कुणी घेतले का?"

"अहो, मी कशाला घेऊ? आंघोळही मी शेजारी जाऊन केली."

"मग न्हाणीत गेलं कोण?"

"बापू गेले होते. बराच वेळ होते आत."

इथे माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो न पडता तर फार बरं झालं असतं. बापूंची माशांची आवड अख्ख्या वाडीला ठाऊक. बोंबलाचा काटासुद्धा ते वाया जाऊ देत नसत. मी बाहेरच्या खोलीत आलो. बापू आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी सहज म्हणून त्यांच्या खुर्चीमागे गेलो आणि वाकून त्यांच्या उपरण्याचा वास घेतला.

"काय करतोयस रे, मुकुंदा?"

"काही नाही, बापू. तुम्हाला... तुम्हाला सकाळपासून ढेकर वगैरे?"

बापूंनी पेपर खाली ठेवला. कोर्टात तीस वर्षं खोट्या साक्षी ऐकलेला माणूस! त्यांना क्षणात सगळं उमगलं. न्हाणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"मासे कमी झाले?"

"थोडे."

"आणि ते मी खाल्ले?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग माझं उपरणं कशाला हुंगतोयस? अरे, खायचेच तर सुरमई खाईन, पापलेट खाईन! नखाएवढे मासे कच्चे गिळायला मी काय बगळा आहे?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी अधिकारी होतो. मी म्हणालो, "बापू, तुम्ही कबूल करा, मी वर कळवणार नाही."

पुढचं मला अजून जसंच्या तसं आठवतं. बापू उठले, उपरणं नीट केलं आणि घराच्या उंबरठ्यावर सतरंजी घालून बसले. "जोवर माझ्यावरचा आळ दूर होत नाही, तोवर मी अन्नाला शिवणार नाही. चौकशी झालीच पाहिजे!"

रविवार असल्यामुळे वाडी घरातच होती. दहा मिनिटांत आमच्या दारासमोर निम्मी वाडी जमली. पुढे तात्या सावंत. तात्या लालबागच्या गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, मालवणचे, आणि घोषणा देण्यात त्यांचा हात धरणारा गिरगावात नव्हता. त्यांनी मला न्याहाळलं.

"काय रे मुकुंदा, बापाशीवर चोरीचो आळ घालतंस?"

"तात्या, हे सरकारी काम आहे."

सरकार हा शब्द मी त्या दिवसांत, त्या गर्दीपुढे उच्चारला! लगेच घोषणा सुरू झाल्या. "बापूंना न्याय मिळालाच पाहिजे!" "मासेवाल्या सरकारचं करायचं काय?" खाली डोकं वर पाय करून घ्यायला मी एकटाच हजर होतो. आत डाळ करपली होती. मालती दारात येऊन म्हणाली, "अहो, माफी मागून टाका ना!"

"माफी नको," बापू म्हणाले. "पुरावा हवा. हौद तपासा."

मग सगळी मिरवणूक आमच्या न्हाणीत. जितकी माणसं मावली तितकी आत, बाकीची दारात टाचा उंचावून. बापूंनी स्वतः पाट उचलला. उरलेले पिकू पृष्ठभागावर इकडेतिकडे पळत होते. खालून मरळ सावकाश वर आली, अगदी कंटाळल्यासारखी, तिने तोंड उघडलं... आणि गट्टम! एक पिकू गेला. मग दुसरा. मग ती पुन्हा खाली जाऊन पडली.

बापूंनी पाट भिंतीला टेकवला आणि ते माझ्याकडे वळले.

"मुकुंदा," बापू म्हणाले, "ही बाई मासे खाते, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"दोघंही देशी आहेत, बापू. मला वाटलं, सांभाळून घेतील एकमेकांना."

"बघा!" बापू गर्दीकडे वळून ओरडले. "द्वैभाषिक राज्य म्हणजे दुसरं काय? घाला एका हौदात, नांदतील गोडीने!"

टाळ्यांनी न्हाणी दणाणली. बापूंवरचा आळ गेला, उपोषण सुटलं, तात्यांनी त्यांना नारळाचं पाणी पाजलं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मालतीने लोणच्याची एक रिकामी बरणी धुऊन उरलेले पिकू त्यात काढले. बापू त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रात्री मालतीने वाढलेलं सुकं मुकाट्याने जेवले. समोरच्या पानावरून मी त्यांना बघत होतो. तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर कोर्ट विसंबलं, त्यांचं मी उपरणं हुंगलं होतं.

सोमवारी सकाळी टॅक्सीत बसतो, तर बापू आधीच आत! मांडीवर बरणी.

"बापू, तुम्ही? उपमंत्री येणार आहेत."

"मी उपमंत्र्यासाठी येत नाहीये. पिकू निर्दोष आहेत," ते म्हणाले. जरा वेळाने खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "आणि तुला एकट्याला पाठवायची हिंमत नाही."

परळच्या बागेत कुंपणापलीकडे काळी निशाणं घेऊन माणसं उभी. पुढे तात्याच! कुंपणाअलीकडे उपमंत्री, आमचे डायरेक्टरसाहेब आणि हार. मालतीच्या सल्ल्याप्रमाणे पिकू कारंज्याच्या कुंडात सोडायचे आणि मरळ तळ्यात, असं ठरलं होतं. पिकू व्यवस्थित गेले. बापूंनी स्वतः बरणी तिरकी केली.

मग मरळ. उपमंत्री बादलीला हात लावायला तयार होईनात. (तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं होतं.) म्हणून डायरेक्टरसाहेबांनी मला खूण केली. मी तिला दोन्ही हातांनी उचललं आणि भाषणाला सुरुवात केली, "आपल्या मातीतले हे जीव..." तेवढ्यात तिने एक हिसडा दिला, उपमंत्र्यांच्या हारावरून तळ्यात उडी घेतली आणि तिला धरायच्या नादात पाठोपाठ मीही गेलो!

नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे शेवाळ. "वाचवा! वाचवा!" मी हातपाय मारतोय, कुंपणापलीकडच्या घोषणा बंद पडल्या, डायरेक्टरसाहेब ओरडतायत, "शिडी आणा, शिडी!" मालतीचा, बापूंचा, तात्यांचा चेहरा एकेक करून डोळ्यांपुढे आला. मनात सगळ्यांची क्षमा मागून झाली.

तेवढ्यात काठावरून बापूंचा आवाज आला. कालपासूनचा राग विसरून, जिवाच्या आकांताने:

"मुकुंदा! अरे, उभा राहा! उभा राहा!"

मी उभा राहिलो. पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत होतं.

त्या दिवशी परळच्या पाण्यात जे जे गेलं, ते सगळं तगलं. वाचवावं लागलं ते फक्त योजनेच्या प्रमुखाला.