वाटेतच बसलेलं घर

एदुविना नावेलकीनचं घर समुद्राच्या तोंडाशी होतं आणि दर हिवाळ्यात समुद्र तिच्या अंगणाचा एकेक घास घेत असे. आधी कुंपण गेलं, मग सफरचंदाचं झाड. ज्या वर्षी कोंबड्यांचं खुराडं पाण्यावर डुलत निघून गेलं, त्या वर्षी तिची धाकटी बहीण फिदेलिया टेकडीपलीकडून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता तरी ऐक. चर्चमागच्या माझ्या जागेत आण घर. तुझं दार कुठल्या बाजूला असेल ते मी ठरवलंय. कोंबड्यांची जागासुद्धा ठरवलीय."

"कोंबड्या वाहून गेल्या, फिदेलिया."

"नव्या घेऊ. जागा ठरलेली आहे."

आमच्या चिलोए बेटावर अशा वेळी माणूस घर सोडत नाही, घर घेऊन जातो. एदुविनाचं घर तर तिच्या दिवंगत नवऱ्यानं, एलिसेओनं, होड्या बांधून उरलेल्या लाकडातून उभं केलेलं. तेव्हा ती रीतीप्रमाणे दारोदार गेली आणि मिंगा मागितली. मागणारीनं स्वतः जायचं, बोलावलेल्यानं आपली बैलजोडी घेऊन यायचं, घराखाली दोन मोठे ओंडके सारून ते ओढत न्यायचं. मोबदला कुणी घेत नाही. दिवसभर सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं, आणि घर रिकामं करून द्यायचं, एवढंच.

बैलांना हाकारे घालणारा बार्रीया दाराशी येऊन विचारून गेला, "रिकामं आहे ना, एदुविनाबाई?"

"रिकामं आहे."

पलंग, चूल, भांडी सगळं खरंच बाहेर काढलं होतं. पण माळ्यावर तिच्या आईकडून आलेलं बटाट्याचं बियाणं होतं. काळे, जांभळे, लाल डोळ्यांचे, बोटांसारखे वाकडे. ते उघड्यावर ठेवायचे म्हणजे थंडी लागणार, आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई दोन दोन उचलून शालीआड करणार. एदुविना स्वतः दुसऱ्यांच्या अंगणात हेच करत आली होती, त्यामुळे तिला खात्री होती. एवढं मोठं घर, एवढे बैल, थोड्याशा बटाट्यांनी काय होतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. थोडेसे म्हणजे माळाभर.

तेपूच्या वस्तीपर्यंत घर झोकात आलं. छपरावर झेंडा, मागे पोरं, कुत्री. उताराच्या वळणावर मात्र एक ओंडका कडाडला. घर रस्ता सोडून घसरलं, एक कुंपण मोडून बटाट्याच्या रिकाम्या शेतात शिरलं आणि थकल्या बैलासारखं एका बाजूला कलून बसलं. माळ्याची खिडकी उघडली. त्यातून आधी एक जांभळा बटाटा आला, मग चार, मग धबधबा.

बार्रीयानं टोपी काढून डोकं खाजवलं.

"रिकाम्या घरातून एवढं निघालं," तो म्हणाला, "भरलेलं असतं तर काय झालं असतं?"

मग जे हसू फुटलं ते टेकडीपलीकडे फिदेलियाला ऐकू गेलं असेल.

शेताची मालकीण सुनिल्दा कार्कामो हात पुसत बाहेर आली. तीही विधवाच, एदुविनाच्याच वयाची, आणि तिच्या जिभेला तेपूत सगळे वचकून असत.

"हे काय आहे?"

"घर आहे," एदुविना म्हणाली.

"ते दिसतंय मला. माझ्या शेतात काय करतंय?"

"बसलंय."

सुनिल्दानं घराभोवती एक फेरी मारली. तेवढ्यात पाऊस लागला, आणि आमच्याकडे शरदात लागलेला पाऊस वसंताशिवाय जात नाही. चिखलात बैल आणायची सोय नव्हती.

"लागवडीपर्यंत राहा," सुनिल्दा म्हणाली. "लागवडीला मला शेत मोकळं पाहिजे. आणि कुंपण तू दुरुस्त करायचं."

पुरुषांनी दगड लावून घर जमेल तेवढं सरळ केलं. तरी किटलीतलं पाणी एका बाजूला राही आणि हातातून सुटलेला कांदा नेमका पलंगाखाली जाई. स्वयंपाकघराची खिडकी सुनिल्दाच्या खिडकीसमोर आली होती. सकाळी पडदा सारला की समोर सुनिल्दा.

"झोप लागली का वाकड्या घरात?"

"तुझं घोरणं थांबल्यावर लागली."

पण एदुविनाला खरी झोप येत नव्हती ती वेगळ्याच काळजीनं. एकाच घरासाठी दुसऱ्यांदा मिंगा मागायची, तीही खोटं बोलून पहिली वाया घालवल्यावर. कोण येणार? आणि कुणी आलं नाही, तर लागवडीच्या वेळी घर जाणार कुठे?

म्हणून ती पावसात टोपली घेऊन निघाली. दर घरी माळ्यावरचे थोडे बटाटे द्यायचे, चूक झाली म्हणायचं आणि पुढे जायचं. पहिल्याच दाराशी मान्सियांची सून आत ओरडून म्हणाली, "आई, रिकाम्या घरवाली बाई आलीय." पण चुलीपुढं जागा केली, माते हा कडवट चहा दिला, आणि एदुविना उठेपर्यंत अंधार पडला होता.

तेपू हळूहळू तिच्या पायाखालची झाली. ओहोटीला किनाऱ्यानं गेलं की बार्रीयाचं घर जवळ पडतं. शाळेजवळचा काळा कुत्रा फक्त रबरी बूट घातलेल्यांवर भुंकतो. खालच्या झऱ्याचं पाणी गंजट लागतं, वरच्या झऱ्याचं गोड. मान्सिया सासूबाई मागावर ब्लँकेट विणतात तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांनी बोलावं याची वाट बघायची. हे सगळं ती रोज डोक्यात साठवून आणी आणि खिडकीतून सुनिल्दाला सांगे, जणू सुनिल्दा तिथे कालच राहायला आली होती.

एक अडचण मात्र होती. आमच्याकडे बियाण्याचा बटाटा घेऊन कुणी रिकामी टोपली परत देत नाही. एदुविना काळे देई, लोक तिला पिवळे देत. जांभळे देई, लांबट गुलाबी मिळत. माळा हलका व्हायला तयार नव्हता.

सुनिल्दाकडे मात्र द्यायला काही नव्हतं. आदल्या वर्षी करप्यानं तिचं सगळं बियाणं गेलं होतं. एदुविनानं दिलेले काळे बटाटे तिनं हातात उलटेपालटे करून पाहिले.

"माझ्या आजीकडे होते हे," ती म्हणाली. "मग कुणी तरी खाऊन टाकले."

"कुणी?"

"मीच. लहान होते."

दर रविवारी फिदेलिया येई आणि नव्या जागेचं सांगे: दार पूर्वेला, वाळत घालायची दोरी तिच्या नजरेसमोर, जेवण रोज एकत्र. एदुविना नुसती मान हलवी. हिवाळा सरत आला तशी तीही हलेनाशी झाली. जायचं नव्हतं तिला. पण दुसऱ्याच्या शेतात घुसून बसलेल्या बाईनं आणखी काय मागायचं?

पाऊस ओसरला तेव्हा ती पुन्हा दारोदार गेली. "माळा खरंच रिकामा करीन. याल का?" सगळे येतो म्हणाले, पण तोंडं पाडून. बार्रीया म्हणाला, "येतो. सुनिल्दाला विचारलंस?"

"तिलाच तर शेत मोकळं हवंय. आणि बियाणं तिच्या कोठारात ठेवून जाते मी."

त्यावर तो सुनिल्दाच्या कोठाराच्या दिशेनं बघू लागला.

मग ती नव्या जागेत घराखालचे खांब रोवून घ्यायला काही दिवस बहिणीकडे गेली. मिंगाच्या सकाळी दोघी बहिणी टेकडी उतरून आल्या आणि वळणावर थबकल्या.

शेतात लागवड झाली होती. काळ्याभोर सऱ्या थेट घराच्या भिंतीपर्यंत आल्या होत्या, वर समुद्रातलं शेवाळ खत म्हणून पसरलेलं. मोकळी होती ती फक्त एक पायवाट, एदुविनाच्या दारापासून सुनिल्दाच्या दारापर्यंत. बांधावर अर्धी तेपू उभी होती. बैल एकही नव्हता. बार्रीयाचे हात कोपरापर्यंत मातीत बरबटलेले.

"हे काय?" एदुविनानं विचारलं.

"लागवड," सुनिल्दा म्हणाली. "तुझेच बटाटे आहेत. कोठारात ठेवून गेलीस ना."

"आज माझं घर न्यायचंय."

"ने की. माझ्या सरीवर बैलाचा पाय पडला तर मात्र बघ."

"लागवडीआधी हल, असं तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. हललीस का? आता काढणीपर्यंत थांबावं लागेल."

"आणि काढणीनंतर?"

"काढणीनंतर पाऊस लागतो."

बांधावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. फिदेलिया म्हणाली, "मग मी ठरवलेल्या जागेचं काय?"

"तिथे कोंबड्या ठेव," एदुविना म्हणाली. बहिणीला इतक्या वर्षांत तिनं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. फिदेलिया पायवाटेनं आधी आपणच घरात शिरली, चूल पेटवायला. मिंगाचं जेवण तर करायचंच होतं. माणसं आली होती.

एदुविना दाराशी उभी राहून शेत न्याहाळत होती.

"ही भिंतीजवळची सरी वाकडी आलीय."

"घर वाकडं आहे," सुनिल्दा म्हणाली. "सरी सरळ कुठून येणार?"

एदुविनानं चपला काढल्या, बार्रीयाच्या हातून कुदळ घेतली आणि ती सरीत उतरली.