बावीस माणसांचं मीठ

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी भिवंडीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बाहेर बसवून ठेवलं, मग दिवा रोखून बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "बाई, बीपी शेवटचं कधी मोजलं होतंत?"

"डॉक्टर, मी डोळे दाखवायला आलेय," मी म्हटलं.

"डोळे बघूनच विचारतोय. आतल्या रक्तवाहिन्यांवर बीपीच्या खुणा दिसतायत. चष्म्याचं नंतर पाहू. आधी समोरच्या हॉस्पिटलात जा. आत्ता."

थेंबांमुळे सगळं धूसर दिसत होतं. रस्ता ओलांडताना एक रिक्षावाला "ओ मॅडम, देख के!" म्हणून ओरडला. समोरच्या नर्सने हाताला पट्टा बांधला, आकडा पाहिला, दुसऱ्या हाताला बांधला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. दोनशे दहा आणि एकशे वीस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. हा आकडा बरा नाही, एवढं मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तुम्हाला हायपरटेन्शन आहे," डॉक्टर म्हणाले. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब कायमचा चढून बसणं. रागावल्यावर चढतो आणि चहा प्यायल्यावर उतरतो, तो हा नव्हे. सकाळी डोकं ठणकायचं, ते मी वर्गातल्या पोरांच्या माथी मारलं होतं. संध्याकाळी घोटे सुजायचे, ते दिवसभर उभं राहण्याच्या. हा आजार मोठा लबाड आहे, तो दुखतच नाही. म्हणून "मला काय धाड भरलीय" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, उद्याच जाऊन मोजून या.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या सुमाराची. मी तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

मला तिथेच ठेवून घेतलं. ईसीजी झाला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. पोटाची सोनोग्राफी झाली. रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं. क्रिएटिनिन हा शरीरातला कचरा. किडनीने तो गाळून बाहेर टाकायचा असतो, गाळणी बिघडली की तो रक्तात साठतो. माझं थोडं वाढलेलं होतं, आणि लघवीतून प्रोटीन जात होतं. डॉक्टर खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसले. खुर्ची ओढणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, कारण त्यांना काहीतरी लांबलचक सांगायचं असतं.

"किडनीवर ताण आलाय. आत्ता रोखलं तर थांबेल. नाही रोखलं तर काही वर्षांत डायलिसिस."

त्यानंतर ते काय बोलले ते मी ऐकलंच नाही. अंबाडीला माझं माहेर. माझा मोठा भाऊ डायलिसिसवर होता. यंत्राला जोडलेल्या त्याच्या हाताशी मी कितीदा बसले होते. शेवटी शेवटी तो घोटभर पाण्यासाठी माझ्याकडे लहान मुलासारखा बघायचा आणि मला नाही म्हणावं लागायचं. तो गेला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी फार घाबरले. उशीत तोंड खुपसून रडले आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी आपली बिस्किटं मला देऊ केली.

सोडताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो. अर्धं काम तुमच्या स्वयंपाकघराने करायचं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत. एक लहान चमचा, बस."

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. माझं सासर खारबावचं, खाडीकाठचं आगरी घर. आजेसासऱ्यांच्या काळापासून मिठागर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नुकतंच बंद झालं होतं. पुढे ह्यांनी दापोड्याला ट्रान्सपोर्टचा धंदा टाकला. आगर गेलं, पण आगराचा मान काही गेला नाही. आमच्याकडे सुनांनी वाटण वाटावं, फोडणी द्यावी, कालवण उकळावं; मीठ मात्र घरातल्या थोरल्या बाईने आपल्या मुठीने घालायचं. घरचं मीठ, म्हणून त्याला घरचा हात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी न विचारता कालवणात मीठ घातलं होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवशी जेवल्या नाहीत. त्यानंतर मी मिठाच्या बरणीला हात लावला नव्हता.

हॉस्पिटलातून आल्यावर मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, कमी घालते." ह्यांनी तर कमालच केली. पुडीतलं मीठ फेकून दिलं आणि पलीकडच्या गावातून गोणीभर खडा मीठ आणलं. "पुडीतलं केमिकल गं. हे आपलं, खाडीचं. याने काय होत नाय." एवढं हौसेने आणलेलं, आणि मलाही ते पटलं! मिठागरवाल्यांच्या घरातच असली अक्कल चालायची. पुढच्या खेपेला डॉक्टर पोट धरून हसले. "अहो, खडा असो नाहीतर पूड, सोडियम तेच."

मी लोणचं सोडलं, पापड सोडला, जिवापाड आवडणारा खारा बांगडा सोडला. तरी बीपी पायरीभर उतरायचं आणि परत चढून बसायचं. तेव्हा डॉक्टरांनी चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम तपासायला सांगितलं. आपण खाल्लेलं बहुतेक मीठ लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी गोळा केली की माणूस किती मीठ खातो ते कळतं. लॅबने त्यासाठी मला पाच लिटरचा पांढरा कॅन दिला.

तो कॅन मोरीत ठेवलेला पाहून आई म्हणाल्या, "रॉकेल गावलं का?" खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "डाक्टराला येवराच धंदा ऱ्हायला का?"

रिपोर्ट आला. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट मीठ. माझा तर संतापच झाला.

"डॉक्टर, मी बांगडा सोडलाय!"

"बाई, माणसं विसरतात. कॅन विसरत नाही."

"माझ्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. जन्मभर मीठ खाल्लं, त्यांना काही झालं नाही ते?"

"त्यांनी आगरात घाम गाळलाय. तुम्ही कुठे गाळता?" मग ते जरा निवले. म्हणाले, "हे तुमच्या एकट्या घरात चाललेलं नाही. अंगमेहनत सुटली, मीठ सुटलं नाही. वर फरसाण, वेफर्स, नूडल्स, पाकिटातलं नवं मीठ आलं. सगळ्या देशाचं मीठ वाढतंय की उतरतंय हे सांगायचं तर असे हजारो कॅन वर्षानुवर्षं मोजत राहायला हवेत. एकदा मोजून कल कळत नाही. पण तुमच्या घरापुरतं मी आजच सांगतो. मीठ कुठून येतंय ते शोधा, नाहीतर गोळ्या वाढवत जाऊ आणि एक दिवस गोळ्याही पुरणार नाहीत."

घरी आले ती तणतणतच. चुलीशी आई बसलेल्या, कालवणाला उकळी आलेली, आणि त्यांची मूठ बरणीत. माझा तोल गेला. "आई, तुमची ही मूठ माझ्या जिवावर उठलीय!"

एवढ्या वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. त्यांनी मूठ तशीच बरणीतून बाहेर काढली. "कमी केलंय मी," त्या म्हणाल्या. "शीग न्हाय ठेवत आता."

मी ताट पुढे सरकवलं. "यात टाका."

त्यांनी मूठ उघडली. मी लहान चमचा घेऊन मोजायला बसले. सात भरले. जेवणारे आम्ही पाच. आई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एका वेळेच्या एका कालवणात माणशी एका चमच्याच्या वर, आणि रात्रीचं आणखी तेवढंच. गणिताच्या बाईच्या घरात हे गणित कुणी केलंच नव्हतं. मुठीला हिशेब कसला विचारायचा? ती मानाची होती.

आई त्या ढिगाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रुसतील. पण त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही मूठ मना माज्या सासूनं दावली. तवा आपल्या पंगतीला बावीस मानसं व्हती." आणि त्या एकेक नाव घ्यायला लागल्या. आजेसासरे. दोघे चुलत सासरे, त्यांच्या बायका. बाळंतपणात गेलेली आईंची नणंद. आगरात राबणारे चार गडी. कुणी वारलं, कुणी वेगळं निघालं, कुणी ठाण्याला फ्लॅट घेतला. नावं संपली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"हात तोच ऱ्हायला गं सुनंदा. मानसं गेली. गेल्यांच्या वाट्याचं मीठ मी तुला चारत ऱ्हायली."

मी त्यांच्या गळ्यात पडले. दोघी रडलो, कालवण तळाला लागलं, आणि त्या दिवशी घर वरण-भातावर जेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी मूठ सोडली आणि चिमटी धरली. पहिले काही दिवस घरात सुतकी चेहरे. ताटाच्या डाव्या बाजूचं मीठ बंद, फरसाणाचा डबा बंद. हे म्हणाले, "यापेक्षा हॉस्पिटलातलं बरं." आई कडाडल्या, "मंग जा, खाट रिकामी हाय!" मी आमसूल वाढवलं, लसूण वाढवला, चिंच, लिंबू, ओली मिरची, कोथिंबीर, जे सुचेल ते घातलं. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना सांगते, धीर धरा. जीभ हट्टी असते पण मूर्ख नसते. महिनाभरात ती वळणावर येते. एक दिवस हे स्टँडवरचा वडापाव खाऊन आले आणि म्हणाले, "काय खारट करतात हल्ली!" आई आणि मी एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसलो.

खरी कसोटी मात्र पुढे होती. दिराच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाला एखादा नाही आला तरी चालेल, हळदीला सगळं गाव येतं. मटणाचे टोप चढले, आणि रिवाजाप्रमाणे मीठ घालायला भावकीतली थोरली बाई म्हणून आईंना बोलावलं. आचारी परात धरून उभा. आईंनी विचारलं, "न्हेमी किती जातं?" त्याने दाखवलं. आईंनी परातीतलं निम्मं बाजूला काढलं आणि उरलेलं टोपात सोडलं. आचारी घाबरला. "आजी, नाव माझं जाईल." "नाव मीठ घालनारीचं जातं," आई म्हणाल्या. "माजं जाऊं दे."

पंगत बसली. मी वाढता वाढता एकेकाचं ताट न्याहाळत होते. लोक जेवत होते, मागून घेत होते. तेवढ्यात भावकीतल्या एका काकांनी मोठ्याने हाक दिली, "काकी, मिठागरवाल्यांच्या घरी मीठ कमी?"

पंच्याहत्तर वर्षांच्या आमच्या आई पदर खोचून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुज्या बापाला मी मूठभर वाढलं असतं. तो आगरात दिसभर घाम गालायचा. तू गोडाऊन बांधलंस, खुर्चीत बसून भाडं खातंस. तू कवा घाम गाललास? तुला येवरंच पुरं. याच मिठानं माजी सून मरायला टेकली व्हती."

आधी बायका हसल्या, मग सगळा मांडव. काकाही हसले, आणि ताट पुढे करून म्हणाले, "बरं, मटन तरी वाढ." त्या दिवशी मटणाचा एकही टोप उरला नाही. नंतर कितीजणींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ते बीपी कुठे मोजून देतात गं?

वर्षभराने डॉक्टरांनी पुन्हा कॅन द्यायला सांगितलं. आई म्हणाल्या, "दोन आन. मना बी बघायचंय."

रिपोर्टाच्या दिवशी त्या हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरांनी बीपी मोजलं, एकशे अठ्ठावीस आणि ऐंशी. क्रिएटिनिन उतरून जागेवर आलं होतं. लघवीतलं प्रोटीन थांबलं होतं. मीठ मर्यादेच्या अगदी काठावर. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "बाई, किडनी वाचली तुमची. कल बघा, सरळ खाली."

मला भावाची आठवण आली, पण या खेपेला मी रडले नाही. मला जोरात ओरडावंसं वाटत होतं.

"आनि माजं?" आईंनी विचारलं.

डॉक्टरांनी दुसरा कागद पाहिला. "आजी, तुमचं सुनेपेक्षाही कमी."

भिवंडीहून खारबावपर्यंत आईंनी ते रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं.

त्या डॉक्टरांचे, डोळ्यांच्या डॉक्टरांचे आणि बिस्किटं देणाऱ्या त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण मला जगवलं ते आईंनी, आपला सगळ्यात मोठा मान सोडून.

त्या संध्याकाळी मी कालवण उकळत ठेवलं आणि नेहमीप्रमाणे बाजूला झाले. आईंनी बरणी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"आजपासून तू घाल."

"आई, मी?"

"आदी मागं वलून बघ, पंगतीला कोन हाय. मंग हात घाल."

मी मागे वळून पाहिलं. ताटं मांडलेली होती. पाच होती, आणि त्यातलं एक माझं होतं.